कार्बनची किंमत आणि ऊसबिलातली कपात

कागल तालुक्यातल्या एका वाचकाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: "गावाकडं दीड एकर ऊस आणि दोन म्हशी आहेत. शेती भाऊ बघतो, मी पुण्यात नोकरीला. कार्बनवर किंमत लावली की डिझेल, खत, वीज सगळं महागणार, शेतकरी कर्जात जाणार आणि शहरात अन्न परवडेनासं होणार, असं सारखं वाचनात येतंय. कॅनडात हेच झालं म्हणतात. आपल्याकडं आलं तर आम्हाला किती फटका बसेल? आणि कार्बन क्रेडिटचे पैसे मिळतात म्हणे, त्यातून भरपाई होईल का?"

मी कृषी अर्थशास्त्र शिकलेला माणूस. करवीर, कागल, पन्हाळा या भागात शेतकऱ्यांचे उत्पादनखर्च मांडणं आणि सहकारी पाणीपुरवठा संस्थांचे हिशेब बघणं हे माझं रोजचं काम आहे. त्या कामातून जे दिसतं तेवढंच सांगतो.

कार्बनची किंमत म्हणजे इंधन जळताना किंवा माल बनताना निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडसारख्या वायूंवर टनामागं लावलेले पैसे. तुमच्या प्रश्नात दोन भीती एकत्र आल्यात: शेतकरी बुडेल आणि अन्न महागेल. पण वाढलेला रुपया एकाच खिशातून जातो. शेतकऱ्याने तो मालाच्या भावात घातला तर ग्राहकाच्या खिशातून, घालता आला नाही तर शेतकऱ्याच्या. त्यामुळं "कार्बनची किंमत किती" याच्या आधी "वाढलेला खर्च पुढं ढकलायची ताकद कुणाकडं आहे" हे बघायला लागतं. कोल्हापूरच्या ऊसवाल्याकडं ती ताकद जवळजवळ नाही. माझं सगळं उत्तर याच मुद्द्याभोवती आहे.

आधी आज देशात काय लागू आहे ते बघू. ऊर्जा संवर्धन कायद्यात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली आणि २०२३ मध्ये कार्बन क्रेडिट ट्रेडिंग योजना अधिसूचित झाली. ऑक्टोबर २०२५ मध्ये सिमेंट, अॅल्युमिनियम, क्लोर-अल्कली आणि कागद या चार उद्योगांना पहिली उद्दिष्टं ठरवून दिली गेली. यात शेतकऱ्यावर कुठलाही कर नाही. कारखान्याने एक टन माल बनवताना किती उत्सर्जन करायचं याची मर्यादा आहे. मर्यादेच्या वर गेला तर वरच्या भागापुरती प्रमाणपत्रं विकत घ्यायची, खाली राहिला तर विकायची. सगळ्या धुरावर पैसे भरावे लागत नाहीत, त्यामुळं मालाच्या भावावरचा परिणाम सरसकट करापेक्षा बराच कमी असतो. युरोपच्या सीमेवरच्या कार्बन कराचीही भीती घातली जाते. त्याची यादी सिमेंट, लोखंड-पोलाद, अॅल्युमिनियम, खतं, वीज आणि हायड्रोजन एवढीच आहे. साखर, गूळ, तांदूळ त्यात नाहीत. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्रीवाल्यांनी त्याकडं जरूर लक्ष द्यावं, तुमच्या भावाला त्याची झोप उडवून घ्यायचं कारण नाही.

आणखी एक गोष्ट फार कमी लोकांच्या ध्यानात आहे. कोळशावर आपण २०१० पासून उपकर देत होतो. टनाला ५० रुपयांपासून सुरू झालेला हा उपकर २०१६ मध्ये ४०० रुपयांवर गेला. पुढं त्याचं नाव बदलून तो जीएसटी भरपाई उपकरात गेला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये निघाला, त्याच वेळी कोळशावरचा जीएसटी ५ टक्क्यांवरून १८ टक्के झाला. कोळशाची एक युनिट वीज बनायला साधारण ०.७ किलो कोळसा लागतो, म्हणजे ४०० रुपयांच्या हिशेबाने युनिटमागं पाव रुपयाच्या आसपास. हीसुद्धा एक प्रकारची कार्बनची किंमतच होती. नदीवरून पाणी उचलणाऱ्या आमच्या संस्थांच्या वीजबिलात ती मुरलेली होती, कुठल्याच रकान्यात वेगळी दिसत नव्हती.

आता "आलं तर" याचा हिशेब. सोयीसाठी एक टन कार्बन डायऑक्साइडला १,००० रुपये धरू, म्हणजे किलोला एक रुपया. एक एकर आडसाली (दीड वर्षाचा) ऊस, उत्पादन ४० टन, शेत नदीपासून वर माळाला, पाणी साधारण ४० मीटर उचललेलं. तुमचं रान नदीकाठचं असेल तर विजेचा आकडा निम्म्यावर येईल, आणखी उंचावर असेल तर वाढेल.

डिझेल एक लिटर जळलं की २.६८ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे लिटरला २ रुपये ६८ पैसे. नांगरट, रोटाव्हेटर, सरी सोडणं, भरणी आणि पंधरा-वीस किलोमीटरवरच्या कारखान्याला ऊस नेणं मिळून एकरी साठेक लिटर धरलं तर सुमारे १६० रुपये. लोक सगळ्यात जास्त घाबरतात ते डिझेलला, आणि हिशेबात तेच सगळ्यात लहान निघतं. डिझेलवर आज जे उत्पादन शुल्क आणि व्हॅट आपण भरतो ते या पावणेतीन रुपयांच्या कितीतरी पट आहेत.

वीज. एकराला सहा हजार घनमीटर पाणी ४० मीटर उचलायचं, मोटार-पंपाची एकूण कार्यक्षमता ५० टक्के, तर साधारण १,३०० युनिट लागतात. देशाच्या ग्रिडमधलं एक युनिट म्हणजे ०.७ किलोच्या आसपास उत्सर्जन. झाले ९०० रुपये.

युरियाकडं मात्र नीट बघायला हवं, कारण इथं बहुतेक लोक चुकतात. आडसालीची शिफारस हेक्टरी ४०० किलो नत्र (नायट्रोजन), म्हणजे एकरी १६०. सगळं युरियातून दिलं तर ४५ किलोची जवळपास आठ पोती. एक पोतं कारखान्यात बनताना आणि नंतर शेतात विरघळताना मिळून पन्नासेक किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. त्याहून मोठा भाग त्यानंतरचा. पोत्यात साधारण २०.७ किलो नत्र असतं. त्यातलं एक टक्का नायट्रस ऑक्साइड होऊन हवेत जातं, असं हिशेबासाठी जगभर धरतात. हा वायू शंभर वर्षांच्या मापाने कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट उष्णता धरतो. गुणाकार केला की पोत्यामागं आणखी ९० किलो. म्हणजे निम्म्याहून जास्त उत्सर्जन कारखान्याच्या धुराड्यातून न होता आपल्या सरीतून होतं, आणि युरिया फेकून लगेच पाट पाणी सोडलं, रान चिबडलं, की ते वाढतं. एकूण १४० किलो, म्हणजे १४० रुपये पोत्याला. २६६ रुपये ५० पैशांच्या पोत्यावर हे फार झालं. आठ पोत्यांचे ११२० रुपये.

पण युरियाची विक्री किंमत केंद्र सरकार ठरवतं. कंपनीचा खर्च वाढला तरी पोत्यावरचा छापील आकडा आपोआप बदलत नाही, वाढ अनुदानाच्या खात्यात जाते. म्हणून युरियाच्या कारखान्यावर कार्बनची किंमत लागली तर पहिला बोजा तिजोरीवर, शेतकऱ्यावर नाही. मिश्रखतांचं तसं नाही. तिथं अनुदान पोषणद्रव्यावर ठरलेलं असतं आणि किंमत वरखाली होऊ शकते, त्यामुळं फटका आधी तिथं जाणवेल.

सगळं मिळून एकरी साधारण २,२०० रुपये. सगळं लागू झालं, कुठंच सूट नाही, अनुदानाने काहीच उचललं नाही असं धरून. आता हाच आकडा दोन्ही बाजूंनी बघा. ४० टन उसातून साडेअकरा टक्के साखर उताऱ्याने (शंभर किलो उसातून साडेअकरा किलो) ४,६०० किलो साखर होते. २,२०० रुपये त्यावर वाटले तर किलोला ४८ पैसे. पुण्यात महिन्याला चार किलो साखर घेणाऱ्या घराला दोन रुपये. ते घर हे कधी बोलूनसुद्धा दाखवणार नाही. शेतकऱ्याकडून बघितलं तर एकरी सव्वा लाखाच्या बिलातले २,२०० म्हणजे पावणेदोन टक्के. लावण, खत, पाणी, मजुरी, सोसायटीचं व्याज वजा करून जे हातात राहतं त्यातला वाटा याच्या दुप्पट-तिप्पट, आणि आडसालीत तर दीड वर्ष थांबून मिळणाऱ्या पैशातला.

ग्राहकाला ४८ पैसे जड नाहीत. मग ते त्याच्याकडून का घेता येत नाहीत? कारण उसाचा भाव शेतकरी ठरवत नाही. एफआरपी, म्हणजे केंद्र सरकार ठरवतं तो उसाचा किमान भाव, २०२५-२६ साठी १०.२५ टक्के साखर उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये ठरली. ती ठरवताना उत्पादनखर्च धरला जातो हे खरं, पण तो देशाचा सरासरी खर्च, त्या हंगामासाठी क्विंटलला १७३ रुपये. गंगेच्या सपाटीवर कूपनलिकेने पाणी घेणारा आणि पंचगंगेवरून माळावर पाणी चढवणारा, दोघांची सरासरी. उंचावर पाणी उचलणाऱ्याच्या विजेवर किंमत लागली तर ती या सरासरीत विरघळून जाते.

दुसरं कारण ऊसबिलातच दिसतं. भावाकडून गेल्या हंगामाचं बिल मागवून घ्या. एफआरपी ही कारखान्याच्या गेटवरची किंमत आहे. महाराष्ट्रात तोडणी-वाहतूक कारखाना लावतो आणि तिचा खर्च शेतकऱ्याच्या रकमेतून वजा होतो. ट्रॅक्टरचं डिझेल महागलं, वाहतुकीचा दर वाढवून दिला, की वजावट वाढते. म्हणजे ट्रॅक्टर दुसऱ्याचा, डिझेल दुसऱ्याने भरलेलं आणि वाढ शेतकऱ्याच्या बिलात. साखरेच्या बाजूलाही ढील नव्हती. साखरेचा किमान विक्री दर २०१९ मध्ये किलोला ३१ रुपये झाला आणि एफआरपी दर एक-दोन हंगामांनी वाढत असताना तो वर्षानुवर्षं तिथंच राहिला. बाजारभाव त्याच्यावर असला तरी कारखान्यांना कर्जउचल देताना बँका सावध राहतात, आणि एफआरपीच्या वर चार पैसे मागायला गेलेल्या शेतकऱ्याला "साखरेला भाव कुठाय" हे उत्तर मिळतं.

कॅनडाचं उदाहरण इथं खरंच उपयोगी आहे, फक्त लोक ते उलटं सांगतात. तिथं इंधनावरचं शुल्क २०१९ मध्ये टनाला २० कॅनेडियन डॉलरने सुरू झालं आणि एप्रिल २०२४ ला ८० डॉलर झालं, त्या वेळच्या दराने पाच हजार रुपयांच्या घरात. १ एप्रिल २०२५ पासून सामान्य ग्राहकावरचं हे शुल्क बंद झालं. एकूण महागाईत त्याचा वाटा किती, तर तिथल्या मध्यवर्ती बँकेच्या गव्हर्नरांनी वर्षाला ०.१५ टक्के बिंदू असं सांगितलं होतं. म्हणजे अन्न या शुल्काने आभाळाला भिडलं ही गोष्ट खरी नाही. शेतकऱ्यांची तक्रार मात्र खोटी नव्हती. शेतीच्या पेट्रोल-डिझेलला सूट होती, पण धान्य वाळवायला आणि गोठे उबदार ठेवायला लागणाऱ्या गॅसला नव्हती. गहू आणि कॅनोला जागतिक भावाने विकायचा, रेल्वेचं भाडं बंदरावरच्या भावातून वजा होऊन शेतकऱ्याच्या हातात रक्कम यायची. आमच्या तोडणी-वाहतुकीसारखंच. ग्राहकाला जवळपास काही कळलं नाही आणि धान्यवाल्या शेतकऱ्याचा खर्च मात्र वाढला, दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या. तो दर आपल्याकडं आला तर मघाचे सगळे आकडे पाचपट करा: साखरेला अडीच रुपये, एकरी अकरा हजार. मग मात्र दीड एकरवाल्याला ते झेपणारं नाही.

भाजीपाल्याचं सांगतो, कारण शहरातली भीती तिथं जास्त आहे. कोल्हापूरहून वाशीला दहा टन माल नेणारा ट्रक एका बाजूला शंभरेक लिटर डिझेल खातो. टनाला १,००० रुपयांच्या हिशेबाने २६८ रुपये, म्हणजे किलोला अडीच-तीन पैसे. रिकामा परत आला तर दुप्पट. जुलै २०२३ मध्ये टोमॅटो किलोला शंभराच्या वर गेला होता, आणि त्याच टोमॅटोचा तोडणीचा खर्चही निघत नाही म्हणून शेतात सोडलेले प्लॉट मी बघितलेत. त्या चढउतारापुढं हे पैसे दिसणारही नाहीत. पण ते कुणाच्या पट्टीतून (विक्रीच्या हिशेबातून) जातील? कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डात लिलावाने भाव निघतो, भाडं आणि हमाली वजा होऊन पट्टी हातात येते. इथंही बोजा आधी शेतकऱ्यावरच, फक्त तो लहान आहे.

दुधाचं थोडं वेगळं. म्हैस रवंथ करताना मिथेन सोडते. आपल्याकडच्या म्हशीला वर्षाला ५५ किलो हा जुना प्रमाण आकडा धरला तर कार्बन डायऑक्साइडच्या मापाने दीड टन. टनाला १,००० रुपये म्हणजे म्हशीमागं दीड हजार आणि वर्षाला दीड हजार लिटर दूध धरलं तर लिटरला रुपया. डेन्मार्कने २०३० पासून जनावरांच्या उत्सर्जनावर असा कर घ्यायचं ठरवलंय, तेही मोठी सूट देऊन आणि सुरुवातीची रक्कम शेतीतच परत घालून. न्यूझीलंडने तसा प्रयत्न केला आणि २०२४ मध्ये मागं घेतला. भारतात असा कर नाही. समजा वीज-डिझेलच्या किमतीने शीतकरण आणि टँकर महागले, तर दूध संघ पिशवीची किंमत मुंबई-पुण्यात वाढवू शकतो, ही सोय साखर कारखान्याला तेवढी नाही. संघाने किंमत न वाढवता खर्च पोटात घेतला, तर मात्र तो दिवाळीच्या दर फरकातून (दुधावर नंतर मिळणाऱ्या वाढीव रकमेतून) निघतो आणि फरक उत्पादकाचा असतो. त्यामुळं दोन म्हशींच्या बाबतीत मी तुमच्याइतका घाबरत नाही, पण फरकाच्या आकड्यावर नजर ठेवा.

गुळाला थेट झळ कमी. गुऱ्हाळात चुलवाणात चिपाडं (रस काढलेला वाळका ऊस) जळतात. उसाने हवेतून घेतलेला कार्बनच परत हवेत जातो, म्हणून हिशेबात तो शून्य धरतात. चिपाडं कमी पडली म्हणून टायर किंवा दुसरं काही जाळणारा माणूस या सवलतीत बसत नाही, आणि बसू नये.

हे सगळं वाचून "मग कार्बनला किंमत नकोच" असं तुम्ही म्हणाल. मी तसं म्हणत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगा धोक्याच्या ४३ फुटांच्या कितीतरी वर गेली, शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला, दूध संकलन थांबलं, आठवडाभर पाण्याखाली राहिलेल्या उसाचे शेंडे कुजले. एकेका पुराचं खापर थेट हवामानबदलावर फोडता येत नाही. पण हवा एक अंशाने तापली की ती सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरते, आणि जोराचा पाऊस आणखी जोराचा होतो, हे पक्कं आहे. पुरात गेलेल्या एकराचं नुकसान २,२०० रुपयांत मोजता येत नाही. किंमत लावणं मला योग्य वाटतं, ती परत कशी द्यायची यावर मात्र मी भांडेन.

परतावा लिटरवर किंवा युनिटवर देऊ नये. महाराष्ट्रात मच्छीमारांना डिझेलवरच्या व्हॅटचा परतावा मिळतो, शेतकऱ्यालाही तसाच द्या अशी मागणी सोपी आहे. पण लिटरवर परतावा दिला की जास्त डिझेल जाळणाऱ्याला जास्त मिळतो आणि किंमत लावण्याचा हेतूच जातो. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना राज्यात २०२४ पासून वीज मोफत आहे. तिथं कार्बनची किंमत पोचतच नाही, आणि पंप सुधारायचं कारणही उरत नाही. त्याच वेळी मोठ्या मोटारी चालवणाऱ्या सहकारी पाणीपुरवठा संस्थांचा सभासद बिल भरतो, जरी त्याचं रान अर्धा एकर असलं तरी. परतावा एकरावर, किंवा कारखान्याला गेलेल्या टनावर, सगळ्यांना सारखा द्यावा. मग ज्याने ठिबक केलं, दोन पोती युरिया कमी टाकला, त्याला वाचलेले पैसे वर मिळतात. यातही एक अडचण आहेच: एकरावर दिलेले पैसे सातबाऱ्यावर नाव असलेल्याला जातात, वाट्याने किंवा खंडाने कसणाऱ्याला जात नाहीत. आमच्या भागात असे कसणारे खूप आहेत. टनावर दिले तर निदान ज्याच्या नावाने ऊस जातो त्याला मिळतील, म्हणून मला टनावरचा परतावा जास्त पटतो.

राहिला कार्बन क्रेडिटचा, म्हणजे कमी केलेल्या उत्सर्जनाच्या विकता येणाऱ्या प्रमाणपत्राचा प्रश्न. पाचट (उसाचा वाळलेला पाला) न जाळता कुट्टी करून सरीत ठेवणं, ठिबक, नत्राचे हप्ते वाढवून मात्रा कमी करणं, हे सगळं करावं असं माझं ठाम मत आहे, आणि त्याचं पहिलं कारण जमीन आणि पाणी. क्रेडिटचे पैसे म्हणून बघाल तर वरचाच हिशेब उलटा वाचा. दोन पोती युरिया कमी झाला तर २८० किलो वाचले. ठिबकने पाणी ४० टक्के कमी उचललं तर साडेतीनशे-पावणेचारशे किलो. एकराला एक टनही भरत नाही. त्यातून मोजमाप, पडताळणी आणि मधल्या कंपनीचा वाटा गेला की हातात येते ती रक्कम ऊसबिलाच्या जवळपासही नसते. कुणी एकरी मोठा आकडा सांगून सही मागत असेल तर करार घरी आणून वाचा. किती वर्षं बांधून घेतलंय, मधेच पीक बदललं तर काय, क्रेडिट विकलं गेलं नाही तर काय, नोंदणीचा खर्च कुणाचा, आणि रान खंडाने असेल तर पैसे कुणाच्या खात्यात, एवढं त्यात लिहिलेलं नसेल तर सही करू नका.

आणि भावाला एक काम आत्ताच सांगा. पाणीपुरवठा संस्थेच्या वार्षिक सभेत पंपाची कार्यक्षमता शेवटची कधी तपासली ते विचारायला लावा. ५० टक्क्यांचा पंप ६५ टक्क्यांवर आणला तर मघाच्या हिशेबातल्या १,३०० युनिटांतली ३०० वाचतात, पाणीपट्टी कमी होते, आणि पुढं विजेवर कार्बनची किंमत आलीच तर ती कमी युनिटांवर लागते. आमच्या भागातले कितीतरी पंप इंपेलर (पंपातलं पाणी ढकलणारं चाक) झिजले तरी वर्षानुवर्षं तसेच चालतात, कारण बिल सगळ्यांत वाटलं जातं आणि एकट्याला ते बोचत नाही.

तुमचं रान नदीपासून किती उंचीवर आहे, ऊस आडसाली की सुरू हंगामाचा (साधारण वर्षभराचा), आणि गेल्या हंगामात टनाला तोडणी-वाहतूक किती कापली, हे तीन आकडे कळवा. तुमच्या दीड एकराचा हिशेब वेगळा मांडून देतो.